एकाच तव्यावरची भाकरी

मोबाइलमधली मुलगी रघुविषयी बोलली आणि स्वयंपाकघरातला आवाज थांबला. एवढंच झालं. सुचित्रा ओट्यापाशी उभी राहून कोलंबी सोलत होती, सालं पातेल्यात पडत असल्याचा बारीक ओला आवाज मघापासून येत होता, तो बंद पडला. भागीरथीला हल्ली कमी ऐकू येई. उन्मेषला एकेक गोष्ट दोनदा सांगायला लावावी लागे. पण या घरातले रोजचे आवाज तिच्या अंगात इतके मुरले होते, की त्यातला एखादा गळाला तर ते तिला आधी कळे. तिनं मान वळवून पाहिलं. सुनेची पाठ तशीच होती, कोपर ओट्याला टेकलेलं, हातात अर्धी सोललेली कोलंबी. मग सुचित्रानं नळ सोडला आणि बराच वेळ हात धुतले. उन्मेषला यातलं काही कळलं नाही. तो पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या मोबाइलकडे बघत हसत होता आणि म्हणत होता, "आजी, बघ बघ, आता तुझी चालतानाची आली."

भागीरथी बघत होती. मोबाइलमध्ये एक फार म्हातारी बाई मजल्यावरच्या लांबलचक पॅसेजमधून भिंतीला हात लावत चालत होती, आणि वर तानपुऱ्यासारखं काहीतरी वाजत होतं. ही बाई सकाळी उठून तांब्याच्या लोट्यातलं पाणी पिते, असं त्या सॅशा नावाच्या मुलीचा आवाज सांगत होता. तो लोटा उन्मेषच्या बायकोनं, मानसीनं, त्या दिवशी शूटिंगसाठी शेजारून मागून आणला होता, आणि संध्याकाळी घासून परतही केला होता. ही बाई लवकर जेवते, मोजकं जेवते, नाचणीची भाकरी खाते, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी तिला ना साखर ना रक्तदाब. हे सगळं ठीक होतं. लोकांना असलं ऐकायला आवडतं, ऐकू देत. पण मध्येच आवाज जरा खाली आला होता, दुःखाचं बोलताना आणतात तसा, आणि ती मुलगी म्हणाली होती, "आजींचा एकुलता एक मुलगा मात्र सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. गिरणगावातल्या अनेक पुरुषांसारखं त्यानंही स्वतःच्या शरीराकडे लक्ष दिलं नाही. सवयीच माणसाला तारतात आणि सवयीच माणसाला नेतात." आणि लगेच पुन्हा तानपुरा, भाकरी, पॅसेज.

"परत लाव," भागीरथी म्हणाली.

"आवडला ना?" उन्मेषनं पुन्हा लावला. रघुचं वाक्य जवळ आलं तेव्हा त्यानं बोटानं ते पुढे सरकवलं. तेव्हा तिला कळलं, की त्यालाही ऐकू आलं होतं. त्याच्या बापाविषयी होतं ते. तो चौदा वर्षांचा होता बाप गेला तेव्हा. आता याचेच कानशिलावरचे केस पिकलेत आणि हा बोटानं बापाला पुढे सरकवतोय. तिला जे वाटलं ते फार वर्षांत वाटलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला. राग होता तो.

जेवणं झाल्यावर ती नेहमीप्रमाणे खिडकीत बसली. चाळ पाडून त्या जागी हा टॉवर उभा राहिला तेव्हा वाटणीला पूर्वेची बाजू आली, आणि तेव्हापासून सतराव्या मजल्यावरून तिला कॉटन ग्रीनच्या गोदामांची पत्र्याची छपरं दिसत. त्यातलंच एक रघुचं. गिरणी बंद पडल्यावर तो तिथे मुकादमाच्या हाताखाली लागला, आणि लालबागहून रोज चालत जाई, चालत येई. चालण्याविषयी ती मुलगी मोबाइलमध्ये इतकं बोलली. रघु चालला नाही? भागीरथी आयुष्यात जेवढी चालली नसेल तेवढा तो त्या दहा वर्षांत चालला. दारूचा वास त्याला सहन होत नसे. संप चालू असताना कुणी विडी पुढे केली तर तो हात मागे घेई आणि वर ओशाळून हसे, जणू त्यालाच काही कमी आहे. भाकरी म्हणावी तर घरात तवा एकच होता. पहिली भाकरी त्याची, दुसरी तिची, मग पोराची, करपलेली सुचित्राची. तेच पीठ, तोच जाळ. एका दुपारी तो गोदामात पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून बसला आणि त्याचं बोलणं मध्येच थांबलं. सांगायला दोन माणसं आली होती. त्यातला एक दाराबाहेर चप्पल काढत राहिला, काढून झाली तरी काढत राहिला, आत यायला नको म्हणून.

त्यानंतर नळावर बायका बोलत. समोर नाही, पण चाळीत समोर आणि मागे यांत अंतर असतं कितीसं? 'पीत असेल गो, दाखवत नव्हता.' 'संपात सगळेच प्यायला लागले.' 'बायकोनं लक्ष द्यायला हवं होतं.' सुचित्रानं गर्दीच्या वेळी नळावर जायचं सोडलं. भर दुपारी, करंगळीएवढी धार असताना, ती एकटी जाऊन हंडा भरत बसे. भागीरथीनं ते पाहिलं होतं. तेव्हा तिला वाटलं, होईल बरी. बाई तरुण आहे, पदरात पोर आहे, सवय होईल. आणि खरंच मग कुणी काही बोलेनासं झालं, त्या बायकाही एकेक करून गेल्या, नळ गेला, चाळ गेली. आणि आता इतक्या वर्षांनी तेच वाक्य, चांगल्या शुद्ध भाषेत, तानपुऱ्यासकट, घरात येऊन बसलं होतं. नळावरच्या बायका निदान दबक्या आवाजात बोलत.

ती स्वतःला विचारू लागली, आपण कधी काय नियम केला होता? आठवेना. मोजकं जेवत होतो, कारण पातेलं तेवढंच होतं. लवकर जेवत होतो, कारण सकाळच्या पाळीला भोंग्याआधी फाटकात उभं राहायचं असे. नाचणी खात होतो, कारण रेशनचा तांदूळ अर्ध्या महिन्यात संपे आणि नाचणी गावाहून येई. याला ही माणसं सवयी म्हणतात. आणि समजा म्हणाली सवयी, तर त्या काय तिच्या एकटीच्या होत्या? दुर्गाच्याही त्याच होत्या. दुर्गा तिची धाकटी बहीण, परळला दिलेली, गिरणीत वाइंडिंग खात्यात तिच्या शेजारच्याच मशीनवर. दोघी एकच डबा खात. रीळ फिरताना कापसाचे तंतू हवेत तरंगत, भुवयांवर बसत, नाकात जात, दोघींच्याही नाकात. संध्याकाळी दोघी एकमेकींच्या केसांतून ते वेचत. दुर्गाचे दात चांगले होते, हाडापेरानं ती मजबूत होती, गावी डोंगर चढताना ती पुढे आणि भागीरथी धापा टाकत मागे. आणि खोकला तिला लागला. शिवडीच्या क्षयाच्या दवाखान्यात नेली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. लोखंडी खाटेवर बसून तिनं विचारलं होतं, "भागी, तुका कसो नाय लागलो?" वाईट मनानं नव्हे. सहज, एखादी चीजवस्तू एकीला मिळाली आणि दुसरीला नाही, तेव्हा विचारतात तसं. भागीरथीला उत्तर आलं नव्हतं. त्यानंतर ती हा प्रश्न जवळ बाळगून जगली, आणि उत्तर नाही हेच तिला त्यातलं खरं वाटत आलं. नवरा गेला तेव्हा नाही मिळालं, रघु गेला तेव्हा नाही मिळालं. आणि ही काल आलेली पोर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी झाली. म्हणजे दुर्गाचं काहीतरी चुकलं. म्हणजे रघुचं चुकलं. जे मेले ते सगळे नापास, आणि ही इथे खिडकीत बसलेली, पहिल्या नंबरानं पास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उन्मेष ऑफिसातून आल्याबरोबर तिनं त्याला गाठलं. "तां वाक्य काढूक सांग."

"कुठलं?"

"तुका म्हायत आसा कुठला तां."

तो पायमोजे काढत बसला. "आजी, ते चॅनेलचं आहे. आपल्या हातात नाही. आणि लाखभर लोकांनी बघितलंय एव्हाना."

"म्हणजे लाख लोकांना वाटतंय, रघु दारू पिऊन मेला."

"दारू कुठे म्हणाली ती?"

"गिरणगावातल्या अनेक पुरुषांसारखं, म्हणाली. तेचो अर्थ काय होता, तुका सांगूक व्हया?"

उन्मेषनं पायमोजे गुंडाळून बाजूला ठेवले. मग हळू म्हणाला, "तुझं कौतुक आहे गं त्यात. रविवारी मंडळाचा सत्कार आहे, खाली बॅनर लागलाय तुझा. कशाला आता."

"मग मी येणार नाही सत्काराला. त्या पोरीला घरी बोलव. ती आल्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकायची नाही."

तिनं ते पाळलं. सकाळचं पॅसेजमधलं चालणं बंद केलं. शेजारच्या दारांतून विचारणा सुरू झाली, आजी दिसल्या नाहीत, बऱ्या आहेत ना. मानसीनं समजावून पाहिलं, की त्या मुलीच्या मनात वाईट काही नसणार. भागीरथीनं ऐकून घेतलं आणि पुन्हा छपरांकडे तोंड केलं. या सगळ्यात सुचित्रा काही बोलली नाही. वेळेवर भाकरी आली, वेळेवर गोळी आली, वेळेवर गरम पाणी आलं. सुचित्रा गुडघ्यावर हात ठेवून उठे, गुडघ्यावर हात ठेवून बसे, आणि तिचा चेहरा धुतलेल्या फरशीसारखा कोरा होता. तिच्याकडे बघून भागीरथीचा राग आणखी वाढे. हिच्यासाठी भांडतेय मी, आणि हिला त्याचं काहीच नाही.

शुक्रवारी दुपारी सॅशा आली. गिरगावातल्या बाप्टिस्टा कुटुंबातली मुलगी, मराठी लहानपणापासूनची, बोलणं भरभर. खांद्यावरची जड बॅग तिनं दारातच उतरवली आणि भागीरथीच्या पायांशी खाली बसली. हे भागीरथीला अपेक्षित नव्हतं. रागावायला समोर माणूस जरा उंचावर असला की बरं पडतं.

"सॉरी आजी. खरंच. उन्मेष सर बोलले मला. ते स्क्रिप्ट ऑफिसमधनं येतं हो, मी फक्त वाचते."

"वाचताना कळत नाही काय वाचतेस ते?"

"कळतं. पण दिवसाला तीन-तीन असतात. मग नाही कळत."

"माझो झील दारू पियत नव्हतो," भागीरथी म्हणाली. "रोज चालायचा. मी खाल्लं तेच त्यानं खाल्लं. माझी बहीण माझ्याच डब्यातलं जेवायची, ती सत्ताविसाव्या वर्षी गेली. तिनं काय लक्ष दिलं नव्हतं, सांग मला. तुमच्या ऑफिसात कोणाला माहीत असेल तर त्याला घेऊन ये."

मुलीचे डोळे मोठे झाले. त्यात खरी कणव होती, भागीरथीला ती दिसली. आणि त्या कणवेसकटच मुलीचा हात बॅगेकडे गेला. "आजी, हेच घेऊया का? हे तुम्ही जसं आत्ता बोललात ना, तसंच. लोकांना खूप टच होईल. बहिणीचं आपण—"

"नको," भागीरथी म्हणाली. आवाज तिनं वाढवला नाही. "दुर्गा तुका देणार नाय मी."

सॅशानं हात मागे घेतला. तिचे कान लाल झाले. "बरं. मग ते वाक्य काढायला सांगते मी. प्रॉमिस. तुम्हाला इतकं वाईट वाटेल असं..."

"माका सोड. तिका विचार." भागीरथीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. सुचित्रा तिथे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. कपातल्या चहावर साय धरली होती.

"काकी, सॉरी," सॅशा म्हणाली.

सुचित्रानं ट्रे स्टुलावर ठेवला. "काढा नाहीतर ठेवा," ती म्हणाली. "खोटं नाही त्यात काही. दारूचं खोटं आहे. बाकीचं खरं आहे."

मग ती आत निघून गेली. सॅशानं थंड चहा तसाच पिऊन टाकला, कारण न पिता उठणं बरं दिसलं नसतं, आणि वाक्य नक्की काढते असं दोनदा सांगून गेली. दार लागलं. भागीरथी काठी न घेता उठली, भिंत धरत स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्यापाशी भाजीच्या टोपलीजवळच्या पाटावर बसली. किती वर्षांनी ती इथे खाली बसत होती. ओटा इथून फार उंच दिसत होता आणि सुचित्रा त्याहून उंच.

"काय खरं आहे?" तिनं विचारलं.

"काही नाही, आई. तुम्ही उठा, गार लागेल फरशी."

"काय खरं आहे ते सांग."

सुचित्रानं गॅस बंद केला. पाठमोरीच राहिली. "तेव्हा गोदामातून यांना नेलं त्या दवाखान्यात एक डॉक्टर होते. तरुण होते अगदी. मला म्हणाले, घरी खारं फार खाता का? मी म्हटलं, हो. आपल्याकडे सुकं असायचंच ना रोज, खारा बांगडा, सोड्यांचं कालवण. यांना तर वरून मीठ लागायचं. मी हो म्हटलं तर त्यांनी मान हलवली. अशी." तिनं मान हलवून दाखवली, अगदी थोडी, माणूस सोडून दिल्यासारखी. "दुसरं काही नाही बोलले. कागदावर लिहीत पुढच्या खाटेकडे गेले."

"आणि?"

"आणि काय. मी घालत होते ना हातानं. मी घातलं." तिचा आवाज सपाट होता. फार वर्षं स्वतःशी बोलून गुळगुळीत झालेली वाक्यं होती ती. "मला वाटायचं तुम्हालाही माहीत असेल. तुम्ही कधी बोलला नाहीत, तो तुमचा मोठेपणा. मग मी ठरवलं, निदान तुम्हाला तरी नीट ठेवायचं. तुमच्या जेवणातलं मीठ तेव्हापासून कमी केलं, तेल कमी केलं. वेळ चुकू दिली नाही. तुम्ही जितकं राहाल तितकं माझं... तितकं बरं."

भागीरथी पाटावर बसून होती आणि तिच्या डोक्यात तेहतीस वर्षांची जेवणं एकामागून एक येत होती. ती अळणी आमटी. ते अळणी पिठलं. सणासुदीलासुद्धा फिकं कालवण. तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं, की सून रुसली आहे. नवरा गेला आणि सासू राहिली, त्याचा राग बाई आमटीवर काढते. म्हणून तीही कधी मीठ मागायची नाही. मागायचंच नाही, असा तिचाही एक हट्ट होता. एका घरात, एका तव्यापाशी, दोघी समोरासमोर बसून तेहतीस वर्षं गप्प जेवल्या. एकीला वाटत होतं आपल्याला शिक्षा होतेय, दुसरीला वाटत होतं आपण शिक्षा भोगतोय. आणि याच्या मुळाशी काय, तर कुणा एका पोरसवद्या डॉक्टरची मान. तो केव्हाच विसरला असेल. त्या दिवशी त्यानं आणखी किती जणांपुढे मान हलवली असेल, आणि किती स्वयंपाकघरांतलं मीठ गेलं असेल. तिला वाटलं, हा माणूस आता समोर असता तर आपण त्याला काय केलं असतं, सांगता येत नाही. आणि तो समोर नव्हता. समोर सुचित्राची पाठ होती. त्र्याहत्तर वर्षांची, वाकायला लागलेली, खांद्याखाली ब्लाउजचा उसवलेला टाका. हिचं वय भागीरथीच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. या घरात म्हातारं असण्याचा मान एकीलाच होता.

"इकडे बघ," ती म्हणाली.

सुचित्रा वळली.

"रघु खारं खायचा. त्याच्याहून जास्त मी खायचे, त्याच्या ताटातलं उरलेलं सुकं मी संपवायचे. दुर्गाची जीभ सोलवटायची म्हणून ती मिठाला हात लावत नव्हती. आता सांग. कुठला डॉक्टर हे जुळवून देईल? माझ्या मनात तुझ्याविषयी तसं कधी आलं नाही. एकदाही नाही. मीच बोलले नाही, मला वाटलं बोलण्यासारखं काही नाही. तू मारला नाहीस त्याला. ऐकलंस? परत म्हणू?"

"नको," सुचित्रा म्हणाली. ती रडली नाही. गुडघ्यावर हात ठेवून ती हळूहळू खाली फरशीवर बसली, पाय लांब केले आणि डोकं ओट्याखालच्या कप्प्याच्या दाराला टेकवलं. तिचे पाय सुजले होते, घोट्यापाशी साडीच्या काठाचा वळ उठला होता. भागीरथीनं वाकून तिथे अंगठा दाबला. खड्डा पडला तो लवकर भरेना.

"हे कधीपासून?"

"असंच आहे. वर्ष झालं असेल."

"कुणाला दाखवलंस?"

"तुमचं सगळं बघता बघता राहून जातं."

राग पुन्हा आला. या वेळी तो कुठे टाकावा ते भागीरथीला कळेना. ती पोर, तो डॉक्टर, नळावरच्या बायका, आपण स्वतः. सगळ्यांना पुरून उरेल एवढा होता. तिनं हातानं चाचपत मागच्या फळीवरून मिठाची बरणी खाली घेतली, पण ती उघडून काय करायचं हे न सुचून तशीच मांडीत ठेवली.

रविवारी ती सत्काराला गेली नाही. उन्मेष आणि मानसी गेले, शाल आणि नारळ घेऊन येणार होते. वाक्य मोबाइलमधून निघालं होतं. उन्मेषनं लावून दाखवलं, तर रघु सेहेचाळिसाव्या वर्षी गेला एवढंच राहिलं होतं आणि पुढे लगेच भाकरी. ते तरी खरं होतं. संध्याकाळी दोघी बायका पॅसेजमध्ये चालायला निघाल्या. उद्या सकाळी सुचित्राला घेऊन डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं, बरोबर भागीरथी जाणार होती, कोणी कितीही नको म्हटलं तरी. डॉक्टर काय बोलतो आणि बोलताना मान कशी हलवतो, हे तिला स्वतः बघायचं होतं. अर्ध्या वाटेत सुचित्रा दमली आणि लिफ्टजवळच्या कठड्याला टेकली. भागीरथी उभी राहिली. तिला दम लागला नव्हता, आणि त्याची तिला लाज वाटली.

"सुचित्रा," ती म्हणाली, "माझ्या आधी जायचं नाही. सांगून ठेवतंय. खूप जणांना पोचवलं मी. आता कोणाला पोचवणार नाही."

सुचित्रानं श्वास खाली येऊ दिला. पदरानं मानेवरचा घाम पुसला.

"बरं," ती म्हणाली. "मग तुम्हीपण आता फार लांबवू नका."

भागीरथीनं तिच्याकडे पाहिलं. मग आपला हात तिच्यापुढे केला, आणि सुनेनं तो धरून कठड्यापासून अंग सोडवलं.